शब्दचर्चा: विमानातला ‘ट्रिम’

सेस्ना १७२ हे छोटं विमान उडवायला शिकणाऱ्यांसाठीच्या टिपणात मी ‘ट्रिम’ला ‘संतुलन’ घातलंय: ‘ट्रिम व्हील फिरवून विमान संतुलित करा.’ चालेल का?

— नाही चालणार. हे वाचून शिकाऊ माणूस चाक फिरवून नाक वरखाली करायला लागेल, आणि ती खोड पुढे सुटता सुटत नाही. नाक योकनेच (वैमानिकाच्या हातातल्या सुकाणूनेच) हलवायचं. ते धरून ठेवताना हातावर जो ताण राहतो, तेवढाच ट्रिमने काढायचा. उजव्या एलिव्हेटरच्या (शेपटीवरच्या, नाक वरखाली करणाऱ्या हलत्या फळीच्या) मागच्या कडेला छोटी पट्टी असते, ती ट्रिम टॅब. चाक मागे फिरवलं की टॅब खाली वळते, हवा तिला आणि तिच्यासोबत एलिव्हेटरला वर रेटते, मग योक ओढून न धरताही नाक वर राहतं.

— शिवाय ‘संतुलन’ हा शब्द वजन आणि गुरुत्वमध्याच्या हिशेबाला आधीच लागतो. एका टिपणात दोन्हीकडे नको.

— क्रमही लिहा, खरी गोम तिथे आहे. चढण संपवून सपाट होताना आधी नाक क्षितिजाशी आणा, वेग वाढू द्या, मग पॉवर कमी करा (२३०० आरपीएम वगैरे), ट्रिम शेवटी. चढायला किंवा उतरायला लागताना पॉवर आधी, मग नाक, ट्रिम तेव्हाही शेवटीच. वेग स्थिरावण्याआधी चाकाला हात लावला तर ताण बदलत राहतो आणि चाक फिरवणं संपतच नाही. योक मुठीत आवळणाऱ्याला तर ताण कळतच नाही. अंगठा आणि दोन बोटं पुरतात. झालं असं वाटलं की बोटं सैल सोडून बघा. नाक सरकलं तर आधी योकने जागेवर आणा, मग चाक किंचित फिरवा.

— ‘ट्रिम केलं की उंची टिकते’ असंही लिहू नका. ९० नॉटला ट्रिम करून पॉवर कमी केली तर वेग साधारण तोच राहतो, विमान मात्र उतरायला लागतं.

मग ‘योकवरचा ताण उतरवणे’ लिहू?

— क्रिया समजावताना छान. नाम मात्र ‘ट्रिम’च ठेवा, चेकलिस्टमध्ये ‘ट्रिम: टेकऑफ’ हे स्थितीचं नाव आहे, तिथे ताण उतरवण्याचा संबंध नाही. गो-अराउंडची (उतरणं सोडून पुन्हा वर जाण्याची) सूचना ठळक द्या: उतरण्यासाठी केलेला ट्रिम तसाच असताना पूर्ण पॉवर दिली की नाक जोरात उसळतं, वेग घटून विमान स्टॉलपर्यंत (पंखांची उचल तुटेपर्यंत) जाऊ शकतं. योक आधी ठामपणे पुढे दाबून धरायचा, चाक त्यानंतर.

— आणि टिपण इतर विमानांनाही वापरणार असाल तर ‘समोरचं चाक’ लिहू नका. पायपर चेरोकीत ते दोन आसनांच्या मधे, खाली असतं. जुन्या चेरोकींत तर छताला हँडल होतं.