मदत हवी आहे : स्नोब्लोअरच्या जाहिरातींतील शब्दांचा अर्थ कसा लावावा?

नमस्कार. हिवाळ्यापूर्वी स्नोब्लोअर, म्हणजे साचलेला बर्फ उडवून वाट मोकळी करणारे यंत्र, घ्यायचा आहे. परंतु माहितीपत्रके वाचून गोंधळ वाढतच चालला आहे, म्हणून ज्यांनी ही यंत्रे प्रत्यक्ष वापरली आहेत त्यांना विचारत आहे.

सिंगल-स्टेज यंत्रात पुढचे फिरते पातेच बर्फ ओढून बाहेर फेकते, तर टू-स्टेज यंत्रात पात्याने आत घेतलेला बर्फ मागचा वेगळा पंखा नळीतून दूर उडवतो, एवढे मला समजले आहे. थ्री-स्टेजमधील जादा भाग बर्फ फोडून पंख्याकडे ढकलतो म्हणतात. पण घट्ट, ओल्या बर्फात तो फरक खरोखर जाणवतो का?

बॅटरीच्या यंत्रांनी मला सर्वाधिक अडवले आहे. ‘४० व्होल्ट मॅक्स’ हा बॅटरी पूर्ण चार्ज असतानाचा कमाल आकडा असून प्रत्यक्षात तीच बॅटरी ३६ व्होल्टची धरली जाते, हे उशिराच कळले. म्हणून आता मी वॉट-अवर (बॅटरीत साठणारी एकूण ऊर्जा) काढून तुलना करतो : ३६ व्होल्ट आणि ५ अँपिअर-अवर म्हणजे १८०. मात्र थंडीत क्षमता घटते, ती किती घटलेली धरावी?

पेट्रोलच्या यंत्रांवर कुठे सीसी (इंजिनचा आकार), तर कुठे टॉर्क (फिरवण्याचा जोर) लिहिलेला असतो. ‘४० फुटांपर्यंत फेक’ यातला ‘पर्यंत’ मला फार खटकतो, कारण कोरडा भुसभुशीत बर्फ आणि रस्ता साफ करणाऱ्या गाडीने फाटकापाशी लोटलेला जड ढीग यांना एकच आकडा कसा लागू पडेल? अशा ढिगासाठी इंजिनचा आकार महत्त्वाचा मानावा की पंख्याचा व्यास, हे कृपया अनुभवावरून सांगावे.