विम्याने द्राक्षं ताजी राहत नाहीत
"युद्धजोखमीचा विमा काढला की निर्यातदार मोकळा" असं म्हटलं जातं, पण ते नाशवंत मालाला लागू पडत नाही. नोव्हेंबर २०२३ पासून येमेनच्या हुथी बंडखोरांनी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू केले आणि मुंबईजवळच्या न्हावाशेवा बंदरातून युरोपला जाणारे कंटेनर सुएझ कालवा सोडून आफ्रिकेला वळसा घालू लागले. प्रवास साधारण दोन आठवड्यांनी लांबला, भाडं कडाडलं. त्यातच नाशिकच्या द्राक्षांचा हंगाम आला! रीफरमध्ये, म्हणजे शीत कंटेनरमध्ये, माल थंड राहतो, पण देठ सुकतातच, आणि देठ तपकिरी दिसला की तिकडचा खरेदीदार भाव पाडतो. उशिरामुळे झालेलं नुकसान नेहमीच्या सागरी विम्यात धरलंच जात नाही. म्हणून हे नुकसान आणि जादा भाडं कोण सोसणार, हे हंगामाआधीच करारात लिहून घ्या. छोट्या निर्यातदाराचा जीव त्यातच अडकलेला असतो.