हरवली, राहिली, गहाळ झाली

'छत्री गाडीत राहिली' आणि 'छत्री गाडीत हरवली' या दोन वाक्यांत तुम्हाला फरक जाणवतो का? मला गेल्या पावसाळ्यापर्यंत जाणवला नव्हता.

बाबांची छत्री होती. काळी, लांब दांड्याची, वाकड्या लाकडी मुठीची. मुठीवर त्यांनी दाभणाने आपल्या नावाचं पहिलं अक्षर कोरलं होतं. वर्षानुवर्षं अंगठा घासून त्या अक्षराची एक कड पार गुळगुळीत झाली होती. जुलैतल्या एका संध्याकाळी दादरला कल्याण स्लो पकडली, छत्री वरच्या रॅकला अडकवली आणि मुलुंडला तशीच उतरले. घरी येऊन म्हटलं, "आई, बाबांची छत्री राहिली गं." ती लगेच म्हणाली, "राहिली ना? मग मिळेल."

तिचं बरोबर होतं. 'राहिली' म्हणताना वस्तू जागेवरच असते, पुढे आलेलो असतो ते आपण. रेल्वेच्या 139 या मदत क्रमांकावर फोन केला, स्टेशन मास्तरांकडे दोन खेपा घातल्या. तिसऱ्या दिवशी आईच म्हणाली, "हरवली म्हणायची आता." छत्रीचं काहीच नवीन कळलं नव्हतं, बदलला होता तो फक्त शब्द.

'माझी छत्री हरवली' आणि 'मी छत्री हरवली' यांतला फरकही नुसती गंमत नाही, चांगलाच बोचणारा आहे. क्रियापदाचं रूप तेच. बदलतं ते 'माझी'चं 'मी', आणि तेवढ्याने दोष आपल्या अंगावर येतो. घरातल्या लहान मुलाला आपण सर्रास विचारतो, "डबा हरवलास ना?" तो बिचारा म्हणत असतो, "हरवला." दोघंही एकाच डब्याबद्दल बोलतात, पण एक आरोप करतो आणि दुसरा घडलेलं सांगतो.

'गहाळ' हा मात्र कागदावरचा शब्द. गुणपत्रिका गहाळ होते, फाइल गहाळ होते. माझा मोबाइल गर्दीत खिशातून काढून घेतला होता, तरी चौकीतल्या नोंदीत 'गहाळ झाला' असं उतरलं. चोरी म्हटलं की गुन्हा नोंदवायला लागतो, 'गहाळ'मध्ये कोणी काही केलेलंच नसतं. तो कागद वाचताना मला मोबाइल गेल्यापेक्षा जास्त राग आला होता. 'मारलं' हा शब्द किती सरळ आहे: पाकीट मारलं. कर्ता दिसत नाही, पण कोणीतरी आहे हे पक्कं.

आमच्या चाळीत मालवणी बायका 'सांडला' म्हणायच्या. 'पैसे सांडले' ऐकून मी लहानपणी जमिनीवर बघायचे. प्रमाण मराठीत दूध सांडतं, पाणी सांडतं, पण मालवणीत आणि कोकणीत सांडणं म्हणजे हरवणंही. संतांच्या मराठीत तर सांडणं म्हणजे सोडणं, टाकून देणं. हातातून सुटलं, ओघळलं, गेलं, असं सगळं त्या एका धातूत आहे. मला तो फार नेमका वाटतो.

वस्तू सापडेना की आई पदराला गाठ मारून कार्तवीर्यार्जुनाचा श्लोक म्हणते. त्याचा शेवट 'गतं नष्टं च लभ्यते' असा. काही घरांत 'गतं'च्या जागी 'हृतं' म्हणतात, म्हणजे चोरून नेलेलं. तिथेही गेलेलं आणि नाहीसं झालेलं वेगळं मोजलं आहे, हे मला या छत्रीपायी पहिल्यांदा लक्षात आलं.

आणि 'हरपणं'. बाबा गेले तेव्हा पेपरातल्या निवेदनात आम्ही 'पितृछत्र हरपले' असं छापलं होतं. देहभान हरपतं, छत्र हरपतं. छत्री हरपली असं कोणी म्हणत नाही, छत्री हरवतेच. पण आईने 'हरवली म्हणायची' म्हटलं तेव्हा मला तो शब्द अपुरा वाटला, आणि दुसरा कुठला घ्यावा ते सुचेना.

तुमच्या घरी, तुमच्या गावाकडे अशा वस्तूसाठी काय म्हणतात? 'सांडणं' हा शब्द हरवणं या अर्थाने कोकणाबाहेर कुठे ऐकलाय का? घाटावरच्या, खानदेशातल्या, विदर्भातल्या मंडळींनी जरूर सांगा, आजी-आजोबांच्या तोंडचे शब्द असले तर तेही.