डायल-अप (फोनलाइनवरचं इंटरनेट) २६,४०० वर अडकलंय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका गावात माझं डीटीपीचं काम आहे. पेजमेकरच्या फाइली पुण्याच्या छापखान्याला ईमेलनं पाठवतो. विंडोज ९८, आतला ५६के मोडेम (संगणक फोनलाइनला जोडणारा), व्ही.९० मानकाचा. मे महिन्यापर्यंत घड्याळाजवळच्या दोन पडद्यांच्या चिन्हावर माउस नेला की वेग सेकंदाला ४५,३३३ बिट दिसायचा. पाऊस लागल्यापासून २६,४००, त्याच्या वर नाहीच. काल दोन एमबीची फाइल तेरा मिनिटं जात होती आणि लाइन तुटली. पुन्हा पहिल्यापासून, पुन्हा कॉलचे पैसे. ड्रायव्हर नव्यानं टाकून पाहिला, फरक नाही. शनिवारी अंक छपाईला जायचाय. मोडेम गेला का?

उत्तर: मोडेम बदलू नका. २६,४०० हा व्ही.९० चा आकडाच नव्हे, त्याचे वेग २८,००० पासून सुरू होतात. लाइन खराब वाटली म्हणून मोडेम जुन्या, हळू व्ही.३४ मानकावर उतरलाय. रिसीव्हर उचला, कोणताही एकच आकडा दाबा. डायल टोन थांबेल, त्या शांततेत काय ऐकू येतं ते कळवा. घरात पॅरलल फोन (त्याच लाइनवरचा दुसरा फोन) असेल तर तो काढून ठेवा.

दुसरं म्हणजे, ४५,३३३ हा फाइल उतरवण्याचा वेग. पाठवताना व्ही.९० ला ३३,६०० च्या पुढे जाताच येत नाही. शिवाय ईमेलला जोडलेली फाइल एक तृतीयांशानं फुगते, तुमचे दोन एमबी पावणेतीनच्या घरात जातात. शनिवारपर्यंत झिप करून तुकडे पाडा आणि एकेक पाठवा. तुटलं तरी एकच तुकडा वाया जाईल.

मूळ प्रश्नकर्ता: आकडा दाबला तर कढईत फोडणी तडतडावी तशी खरखर! माजघरातला पॅरलल फोन काढल्यावर थोडी कमी झाली. मग भिंतीवरचं रोझेट (फोनची तार जोडायची डबी) उघडलं, स्क्रू हिरवे पडलेले. तारांची टोकं कापून, सोलून पुन्हा आवळली. आता ३१,२०० मिळतंय आणि फाइल पाच तुकड्यांत पोचलीसुद्धा. मनापासून आभार, दोन रात्री झोप नव्हती. उरलेली खरखर कुठली असेल?

उत्तर: खांबावरच्या डीपीत (फोनच्या तारा जोडायच्या पेटीत) पाणी शिरलं असणार. तक्रार लिहिताना ‘इंटरनेट हळू’ लिहू नका, ‘बोलताना खरखर’ लिहा. लाइनमन आला की डीपीतला जॉइंट तुमच्यासमोर उघडायला लावा आणि मोकळी पेअर (तारांची जोडी) असेल तर लाइन तिच्यावर बदलून मागा.