आर्टेमियाची अंडी तिसऱ्यांदा वाया गेली

परभणी_एंजल:
मंडळी, एंजल माशांच्या जोडीची पिल्लं काही दिवसांपासून पोहायलीत. उकडलेल्या अंड्याचा बलक टाकायलोय, पण पाणी लगेच गढूळ होतंय. म्हणून पिल्लांना खायला ब्राइन श्रिम्पची, म्हणजे आर्टेमिया या खाऱ्या पाण्यातल्या बारीक जिवाची, अंडी उबवायला मागवली. दोन लिटरची बाटली उलटी टांगली, आरओचं पाणी, उपवासाचं सैंधव अंदाजानं, हवेचा पंप. दोन दिवस झाले तरी खाली तपकिरी गाळ अन् कुजका वास. तीनदा केलं. अंडीच खराब आहेत का? खोली पत्र्याची आहे, हे सांगायचं राहिलं.

लातूर_जुनाटँक:
शेवटी जे लिहिलंत तेच पहिलं लिहायला पाहिजे होतं. मे महिन्यात पत्र्याखाली दुपारी 40 च्या वर जातं. या अंड्यांना 26 ते 28 अंश मानवतं. मी बाटली रांजणाखालच्या ओल्या वाळूत रोवतो, भोवती ओलं गोणपाट गुंडाळतो, वरचं तोंड उघडं. खोलीत 39 असताना बाटलीत 29 मोजलंय. आमच्या कोरड्या हवेचा एवढाच काय तो फायदा.

पाण्याचं म्हणाल तर आरओ सोडा. त्यात क्षार नसतात, सामू (pH) लवकर घसरतो, अन् अंड्यांना 8 च्या वर लागतो. बोअरचं पाणी, ज्यानं बादलीला पांढरं कीट धरतं ना, तेच इथं कामाचं. आरओच वापरायचं असेल तर चिमूटभर खाण्याचा सोडा टाका. मीठ किराणा दुकानातलं साधं खडे मीठ, लिटरला 25 ग्रॅम, काट्यावर मोजून. अंदाज नको. अंडी लिटरला 1 ग्रॅमच. मूठभर टाकली तर एकमेकांचा प्राणवायू खाऊन सगळीच सडतात. सुरुवातीला बल्बचा उजेड लागतो, त्यानंच अंडं जागं होतं.

अन् लाइट जाते का तुमच्याकडं? पंप बंद पडला की अंडी तळाला बसतात, मग संपलंच. मी पॉवर बँकेवर चालणारा छोटा पंप घेऊन ठेवलाय.

जालना_नवखा:
लोणार आम्हाला जवळ आहे. तिथलं खारं पाणी आणलं तर?

लातूर_जुनाटँक:
नका हो. ते सोड्याचं पाणी आहे, समुद्राच्या मिठाचं नाही. शिवाय अभयारण्य आहे, जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीतही आलंय. कॅन घेऊन उतरलात तर वनखातं पकडंल.

नांदेड_बेट्टा:
पाकीट उघडल्यावर कुठं ठेवता तेही सांगा. पावसाळ्यात माझं अर्धं पाकीट ओल धरून गेलं. आता काचेच्या बरणीत घट्ट बंद करून फ्रीझरमध्ये. घरचे तक्रार करतात, करू द्या.

परभणी_एंजल:
पाचव्या दिवशी लिहायलोय. रांजण नाही, आईच्या माठाखालच्या परातीत बाटली ठेवली. तीस तासांनी तळाशी नारंगी धूर फिरताना दिसला! पंप बंद करून बाजूला टॉर्च धरली, श्रिम्पची पिल्लं उजेडाकडं आली, टरफलं वर तरंगली. नळीनं ओढून जुन्या धोतराच्या कापडातून गाळली, गोड्या पाण्यानं धुतली. एंजलची पिल्लं काही मेली, पण उरलेल्यांची पोटं नारंगी झालीत. राहिलेली श्रिम्प ठेवून उद्या खाऊ घातली तर चालंल का?

लातूर_जुनाटँक:
ताजी असतानाच घाला. पोटातला बलक अर्ध्या दिवसात संपतो, मग नुसतं साल उरतं. उरलीच तर मिठाच्या पाण्यात, फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, एक दिवस. रोज थोडी थोडी लावा, दोन बाटल्या आळीपाळीनं. अन् माठाखालची परात आईला परत करा.