जुन्या ६ नंबरवरची रात्र: एचडीआर, की सरळ एकच फ्रेम?

निंबाखालची_बाज
एरंडोल-पारोळा पट्ट्यात, जुन्या ६ नंबर हायवेवर (आता ५३ म्हणायचं), निंबाखाली एक पंक्चरचं दुकान अजून तग धरून आहे. फांदीला टायर, त्यावर पांढऱ्या रंगात ‘पंक्चर’, वर साठचा पिवळा बल्ब, खाली ट्यूब बुडवायचं घमेलं. लहानपणी मामाकडून येताना आमची गाडी हमखास इथेच बसायची.

परवा रात्री ट्रायपॉड लावून एचडीआरसाठी (कमी-जास्त उजेडाच्या फ्रेम जोडून एकच फोटो) पाच फ्रेम घेतल्या. आयएसओ १००, एफ/८, १/१५ पासून १६ सेकंदांपर्यंत, दोन-दोन स्टॉपने (दर फ्रेमला चौपट उजेड). जोडल्यावर मागच्या भिंतीवरची बिडीची पुसट जाहिरातही वाचता आली. एका फ्रेममध्ये हे होत नाही: उजेड सांभाळला तर निंब गायब, निंब धरला तर सगळं पांढरं. जुन्या जागांना एचडीआरच पाहिजे. डोळा तरी कुठे एकाच एक्स्पोजरने बघतो?

तापीकाठ
निंब हिरवागार आलाय भो! रात्री निंब काळा असतो. इतक्या कमी उजेडात डोळ्याला रंग ओळखूच येत नाहीत. आणि आभाळ राखाडी, जणू शेजारी लग्नाचा मांडव पडलाय.

त्या दुकानाची मजा काय होती? मैलभर काळोख आणि मधेच तो एक बल्ब. गाडी बसलेली असताना तो दिसला की जिवात जीव यायचा. तू काळोखच पुसून टाकलास, मग त्या बल्बला किंमत काय राहिली? बिडीची जाहिरात तुला लहानपणी दिसली होती का? खरं सांग.

निंबाखालची_बाज
दिसली होती. ट्रकचा उजेड भिंतीवर पडायचा तेव्हा. अर्धीच.

तापीकाठ
मग अर्धीच ठेव ना!

चाळीसगाव_आउटर
‘डोळ्याला दिसतं तेवढंच खरं’ हे धरलं तर आपल्या चाळीसगावचे छायाचित्रकार केकी मूस यांचं काय करायचं? घरात टेबलावर बारीकसारीक वस्तू मांडून त्यांनी निसर्गदृश्यं उभी केली, आणि आपण ती अभिमानाने पाहुण्यांना दाखवतो. फोटोग्राफरने रचना केली तर बिघडलं कुठे?

तापीकाठ
रचनेला कोण नाही म्हणतंय? पण टेबलावर मांडताना सावली कुठे पडू द्यायची हे माणूस ठरवतो. इथे सॉफ्टवेअर सगळ्या सावल्या एका मापाने उचलतं. मूसांचं नाव यात नको.

बल्ब_साठचा
भांडा तुम्ही. मला तर वाटतं हा एचडीआरच अर्धवट झालाय.

उघडा बल्ब एफ/८ ला १/१५ वर कसा सांभाळला जाईल? तुझ्या सगळ्यात काळ्या फ्रेममध्येही तो फुटलेलाच आहे, म्हणजे नुसता पांढरा. सॉफ्टवेअरला तिथे काही मिळालंच नाही, म्हणून बल्बच्या जागी तो मळकट राखाडी डाग. खाली किमान १/१००० सेकंदापर्यंत जा. फ्रेम वाढतील, वाढू दे. फक्त एक लक्षात ठेव: आपली वीज ५० हर्ट्झची, दिवा सेकंदाला शंभरदा कमी-जास्त होतो. तारेच्या बल्बला फार फरक पडत नाही, तार तापलेलीच राहते. स्वस्त एलईडी असता तर १/१००० ला पट्टे आले असते.

दुसरं, दुकानवाल्या आबांना तीन हात आलेत. १६ सेकंद माणूस हलणारच, त्यात ते ट्यूब घासतायत. माणसापुरती एकच फ्रेम वापर. ट्रकचं तेच: लाल रेघ आहे, ट्रक नाही.

टोन मॅपिंगचा (सावल्या उचलून उजेड दाबायचा) स्लायडर मात्र निम्म्यावर आण. निंबाच्या बाबतीत तापीकाठ बरोबर आहे.

केळीची_वॅगन
जे काही काढायचं ते लवकर काढा. आमच्या रावेरकडे रस्त्यावरचे पिवळे सोडियम जाऊन पांढरे एलईडी लागले. त्या पिवळ्यात केळीचा ट्रकसुद्धा एकरंगी दिसायचा, कच्ची केळी कोणती नि पिकली कोणती कळायचं नाही. तेव्हा कोणी फोटो काढला नाही.

निंबाखालची_बाज
काल दोन्ही प्रिंट घेऊन दुकानावर गेलो. जोडलेली, आणि नुसती १ सेकंदाची. जोडलेली आबांनी बराच वेळ पाहिली, तिसऱ्या हातावर बोट ठेवून हसले. मग म्हणाले, “ही तर दुपार वाटते. रात्री दुकान चालू असतं हे कळायला पाहिजे ना भो.”

१ सेकंदाची ठेवून घेतली. दुसरीच्या मागच्या कोऱ्या बाजूवर कोणाचं तरी उधारीचं मांडत होते.