टेट्रापॅकच्या दुधाला विरजण लागतं का?

नवागडी: बदली झालीय, इथे ताजं दूध आठवड्यातून एकदाच येतं. चहाला पावडर चालून जाते पण दह्याचं काय? टेट्रापॅकचं कुणी लावलंय का?

सायसाखर: लागतं की! ते दूध आधीच १३५-१४० डिग्रीला २-४ सेकंद तापवलेलं असतं त्यामुळे उकळायची भानगड नाही, कोमट करायचं नि विरजण घालायचं. दही जरा सैल होतं, चमचाभर पावडर घाला मग घट्ट लागतं. साय मात्र विसरा, म्हणजे तुपाचाही विषय संपला :(

भटक्या: पावडरीचं पाकीट नीट वाचून घ्या, डेअरी व्हाइटनरमध्ये बऱ्याचदा साखर असते, मी एकदा त्याची कढी केलीय, पुढचं विचारू नका.

नवागडी: हाहा! ताई, पनीर होईल?

सायसाखर: नको रे त्या वाटेला, नुसता भुगा पडतो.